त्याच मालावर दर वेळी एचएस कोडची क्वेरी: कारण कसं शोधायचं, उत्तर काय द्यायचं, वाद कसा लढवायचा

तक्रार साधारण अशी असते. परदेशी पुरवठादार तोच, माल तोच, एचएस कोडही (मालाचं वर्गीकरण करून आयात ड्युटीचा दर ठरवणारा आकडा) तोच. मागच्या खेपेला बिल ऑफ एंट्री (कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद) सरळ पास झालं आणि या खेपेला कस्टमची क्वेरी आली: ‘हा माल अमुक हेडिंगखाली (कोडच्या पहिल्या चार आकड्यांच्या गटात) का घेऊ नये, खुलासा करावा.’ कंटेनर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) उभा आहे, शिपिंग लाइनचे फ्री डेज (भाडं न लागणारे दिवस) संपत आलेत, कारखान्यातून तासातासाला फोन येतोय. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘फरक फार नाही, भरून टाकू आणि माल काढू.’ माल सुटतो. पुढच्या कंटेनरला पुन्हा तीच क्वेरी. आणि काही महिन्यांनी क्लिअरन्सनंतरच्या ऑडिटचं पत्र येतं की मागच्या सगळ्या बिलांवर फरक, व्याजासकट भरा.

न्हावा शेवा बंदर आणि सहार विमानतळावरची बिलं हे माझं रोजचं काम. पुणे, कोल्हापूर, नाशिककडच्या लहान कारखानदारांचे पैसे यात जाताना पाहून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा त्यांचा कोड अगदीच चुकलेला नसतो. मालाचं वर्णन अर्धवट असतं, आणि घाईत दिलेल्या लेखी कबुलीमुळे ते हातातला वाद सोडून बसतात. या दोन गोष्टी सुधारल्या तर क्वेरी कमी येतात आणि आल्या तरी टिकाव धरता येतो.

मागच्या वेळी पास झालं, मग आता का अडलं?

मागच्या वेळी बहुधा कुणी तपासलंच नव्हतं. 2011 पासून कस्टम्स कायद्याच्या कलम 17 खाली आयातदार स्वतःच असेसमेंट (ड्युटीची आकारणी) करतो. रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम बरीचशी बिलं अधिकाऱ्याकडे न पाठवताच पुढे सोडते. अशा बिलावरचा कोड हा तुमचा दावा असतो, खात्याने त्याला दिलेली मंजुरी नव्हे. म्हणून ‘आधी याच कोडवर क्लिअर झालंय’ एवढंच उत्तर दिलं तर क्वेरी सुटत नाही. ती जुनी बिलं जपून मात्र ठेवा. पुढे ‘माहिती दडवली’ असा आरोप झाला तर तीच कामाला येतात.

दुसरं कारण फेसलेस असेसमेंट. 31 ऑक्टोबर 2020 पासून ते देशभर लागू आहे. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाचं बिल दुसऱ्याच बंदरातला अधिकारी तपासू शकतो. त्याच्यासमोर माल नसतो, तुमचा सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) नसतो, फक्त स्क्रीनवरचं वर्णन आणि ई-संचितवर (कस्टमच्या ऑनलाइन व्यवस्थेवर) चढवलेले कागद असतात. पूर्वी अप्रेझरसमोर (बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) नमुना ठेवून दोन मिनिटांत जे समजावता यायचं, ते आता कागदालाच बोलावं लागतं.

तिसरं, टॅरिफच (कोड आणि दरांचा सरकारी तक्ता) बदललेला असतो. एचएस 2022 ची आवृत्ती आपल्याकडे 1 जानेवारी 2022 पासून आली. 2025 च्या बजेटनंतर 1 मेपासून आठ आकडी ओळींमध्ये पुन्हा बरेच फेरफार झाले. सीएचएच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी ओळ तशीच सेव्ह असेल तर ती पकडली जाणारच. नवी एचएस आवृत्ती 1 जानेवारी 2028 पासून यायची आहे, तेव्हाही हाच गोंधळ होईल.

आणि चौथं, पुरवठादाराचा कोड. चीनमधला किंवा जर्मनीतला पुरवठादार इन्व्हॉइसवर जो लांबलचक आकडा छापतो, त्यातले पहिले सहाच आकडे जगभर सारखे असतात. पुढचे आकडे ज्या त्या देशाचे. शिवाय ते सहाही त्याने नीट पाहूनच घातलेत याची खात्री नसते, कारण त्याच्या बाजूला निर्यातीत त्या कोडने फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते तुमचं.

‘सुटे भाग’ लिहिलं की घोळ सुरू

सगळ्यात जास्त वाद मशिनरीच्या पार्ट्सवर होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा भोसरीतला एक कारखाना सेंट्रिफ्युगल पंप बनवतो. त्याने इम्पेलर, शाफ्ट, मेकॅनिकल सील, ओ-रिंग, बॉल बेअरिंग, स्टीलचे नट-बोल्ट आणि प्रेशर गेज असा माल मागवला. इन्व्हॉइसवर एकच ओळ: ‘पंप पार्ट्स, 1 लॉट’. सीएचएने सगळं 8413 91 मध्ये, म्हणजे पंपाचे भाग या उपहेडिंगमध्ये, टाकलं. ऐकायला बरोबर वाटतं. सगळं पंपातच तर बसतं. पण टॅरिफ असा चालत नाही.

टॅरिफमध्ये मशिनरीच्या विभाग 16 (प्रकरण 84 आणि 85) च्या सुरुवातीला टिपा आहेत. कोडची यादी चाळण्याआधी त्या वाचायच्या असतात, आणि नेमक्या त्याच वगळल्या जातात. टीप 1 काही गोष्टी या विभागातून थेट बाहेर काढते: मशीनमध्ये वापरायच्या मऊ व्हल्कनाइज्ड रबराच्या वस्तू, सर्वसाधारण वापराचे धातूचे भाग, प्रकरण 90 ची उपकरणं. म्हणजे निव्वळ रबराची ओ-रिंग गेली 4016 93 कडे, नट-बोल्ट 7318 कडे, प्रेशर गेज 9026 कडे. मग टीप 2 चा पहिला भाग सांगतो की प्रकरण 84 किंवा 85 मध्ये ज्या भागाला स्वतःचं हेडिंग आहे, तो कुठल्याही मशीनमध्ये बसत असला तरी त्याच्याच हेडिंगमध्ये राहतो. म्हणून बॉल बेअरिंग 8482, शाफ्ट 8483, मेकॅनिकल सील 8484 20. एवढं सगळं चाळून जे उरतं आणि केवळ किंवा मुख्यतः पंपासाठीच असतं, ते टीप 2 च्या दुसऱ्या भागाने 8413 91 मध्ये येतं. आपल्या यादीतला त्यात बसणारा एकच, इम्पेलर.

सात वस्तू आणि सात हेडिंग. एकाच ओळीत लिहिलं तर क्वेरी येणं साहजिक आहे, आणि त्यात अधिकाऱ्याला दोष देता येत नाही.

खरे वादाचे प्रसंग याच्याही पुढे सुरू होतात. ऑइल सील घ्या. रबर आणि आतली धातूची कडी व्हल्कनायझेशनने एकजीव केलेली असते. एचएसच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये अशा ऑइल-सील रिंगचा उल्लेख 8487 खाली आहे, आणि अधिकारी 4016 म्हणू शकतो. गास्केट नुसत्या रबराचं असेल तर 4016. धातूचा पत्रा आणि दुसरं साहित्य मिळून बनलेलं असेल तर 8484 10. वेगवेगळ्या साहित्याच्या गास्केटांचा पाकीटबंद संच असेल तर 8484 90. इथे निकाल ठरतो तो त्या वस्तूत काय आहे यावर. ते इन्व्हॉइसवर लिहिलेलं नसेल तर अधिकारी अंदाज करणार, आणि त्याचा अंदाज सहसा जास्त ड्युटीच्या बाजूला झुकतो.

वाहनांच्या भागांना हेच विभाग 17 च्या टिपांनी लागू होतं. चाकणला येणाऱ्या ‘ऑटो पार्ट्स’पैकी बराच माल वाहनांच्या भागांच्या 8708 मध्ये जातच नाही.

म्हणून पुरवठादाराला पीओ (खरेदीची ऑर्डर) देतानाच इन्व्हॉइसची भाषा ठरवून द्या. ‘पंप पार्ट्स’ऐवजी असं: ‘ओ-रिंग, व्हल्कनाइज्ड नायट्राइल रबर, धातूचा भाग नाही, आतला व्यास 45 मिमी, जाडी 3 मिमी, सेंट्रिफ्युगल पंपाच्या कव्हरसाठी, ड्रॉइंग नंबर अमुक.’ वस्तू कशाची आहे, करते काय, कशात बसते आणि फक्त त्यातच बसते का, आणि कोणत्या अवस्थेत येतेय (तयार, अर्धवट, सुटी की संचात), एवढं त्या ओळीतून कळलं पाहिजे. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. टॅरिफ कसा वाचायचा याच्या सामान्य नियमांपैकी नियम 2(अ) प्रमाणे न जोडलेली किंवा अपुरी पण मूळ रूप आलेली वस्तू पूर्ण वस्तूच्याच हेडिंगमध्ये जाते. किरकोळ विक्रीच्या संचाला नियम 3(ब) लागतो, म्हणजे ज्या घटकामुळे संचाला त्याचं मूळ रूप येतं, त्याचा कोड. पण नियम 2 आणि 3 कडे धावायचं ते नियम 1 ने, म्हणजे हेडिंगचे शब्द आणि टिपा यांनी, उत्तर मिळालं नाही तरच.

पॅकिंगवरून किंवा बाजारातल्या नावावरून कोड ठरवणं किती घसरडं आहे हे खोबरेल तेलाच्या प्रकरणात दिसलं. वाद एक्साइजचा होता, पण टॅरिफ त्याच एचएसवर बेतलेला. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल म्हणून 1513 मध्ये की केसांचं तेल म्हणून 3305 मध्ये? 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत मतभेद झाले. 18 डिसेंबर 2024 ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की बाटली लहान आहे एवढ्याने ते केसांचं तेल होत नाही. 3305 साठी टिपांमधल्या अटी पॅकिंगने पूर्ण केल्या पाहिजेत. घराघरातल्या वस्तूवर एवढा मोठा वाद होतो, तर तुमच्या स्पेशल पार्टवर होणं नवल नाही.

क्वेरीला उत्तर

बहुतेक उत्तरं दोन ओळींची असतात आणि तिथेच केस हरते. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: वस्तूची ओळख, टॅरिफमधला आधार, आणि अधिकाऱ्याने सुचवलेलं हेडिंग का लागू नाही. तिसरी गोष्ट जवळजवळ कुणीच लिहीत नाही.

इम्पेलरचंच घेऊ. अधिकारी विचारतो, ही बिडाची ओतीव वस्तू आहे, 7325 का नको? उत्तर साधारण असं द्यावं:

‘माल म्हणजे सेंट्रिफ्युगल पंपाचा इम्पेलर. ओतकामानंतर मशिनिंग आणि बॅलन्सिंग केलेला, अमुक मॉडेलच्या पंपाखेरीज वापर नाही. ड्रॉइंग, कॅटलॉगचं पान आणि छायाचित्र जोडलं आहे. इम्पेलरला प्रकरण 84 किंवा 85 मध्ये स्वतंत्र हेडिंग नाही, त्यामुळे विभाग 16 टीप 2(ब) नुसार तो 8413 91 मध्ये येतो. 7325 विभाग 15 मध्ये आहे आणि त्या विभागाची टीप 1(एफ) विभाग 16 च्या वस्तू स्पष्टपणे वगळते. म्हणून 7325 लागू होत नाही.’

एवढं नेमकं उत्तर असलं की क्वेरी तिथेच मिटण्याची शक्यता बरीच वाढते. वर्गीकरण बदलायचं असेल तर ते सिद्ध करण्याचा भार खात्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एचपीएल केमिकल्सच्या निकालात 2006 मध्ये सांगितलंय. मात्र सवलतीच्या अधिसूचनेचा फायदा मागत असाल तर चित्र उलटं. जुलै 2018 मध्ये घटनापीठाने दिलीप कुमार अँड कंपनी प्रकरणात ठरवलं की सवलतीत संदिग्धता असेल तर अर्थ खात्याच्या बाजूने लावायचा आणि पात्रता आयातदाराने सिद्ध करायची. ते प्रकरण मुंबईच्याच आयातीचं होतं: फीड ग्रेड व्हिटॅमिन ई-50 पावडर कोळंबीचं खाद्य म्हणून सवलतीत बसते का, एवढाच प्रश्न. कोड आणि सवलत हे दोन मुद्दे उत्तरात वेगळे ठेवा.

वेळ मिळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे बिल आगाऊ भरणं. जहाज येण्याच्या अपेक्षित तारखेच्या 30 दिवस आधीपर्यंत ते भरता येतं. क्वेरी यायचीच असेल तर माल समुद्रात असताना येऊ दे, डेमरेज (उशिराचं भाडं) चालू असताना नको.

‘मान्य आहे’ लिहिण्याआधी

सगळ्यात महाग पडणारे शब्द हेच. कलम 17(5) म्हणतं की अधिकाऱ्याने तुमच्या असेसमेंटविरुद्ध फेरअसेसमेंट केलं आणि तुम्ही ते लेखी मान्य केलं नाही, तर त्याने 15 दिवसांत सकारण आदेश द्यायचा. आपण ज्याला स्पीकिंग ऑर्डर म्हणतो तो. तुम्ही लेखी मान्यता दिली की आदेश देण्याची गरजच उरत नाही, आणि अपिलात तीच मान्यता तुमच्यासमोर ठेवली जाते. शिवाय पुढच्या प्रत्येक खेपेला ‘मागे तुम्हीच मान्य केलंत’ हे ऐकावं लागतं. तीच ती वारंवार येणारी क्वेरी.

वर्गीकरण खरंच चुकलं असेल तर जरूर मान्य करा. पण फक्त माल अडकलाय म्हणून करत असाल तर असं लिहा: ‘प्रस्तावित वर्गीकरण मान्य नाही. मालाची गरज असल्याने फरकाची ड्युटी प्रोटेस्टखाली (हरकत नोंदवून) भरत आहोत. कलम 17(5) नुसार सकारण आदेश द्यावा.’ माल तरीही सुटतो आणि हक्क शाबूत राहतो. क्वेरीला उत्तर सीएचए देतो, तेव्हा ही सूचना त्याला आधीच लेखी देऊन ठेवा. आयत्या वेळी फोनवर नको.

‘भरू आणि नंतर रिफंड मागू’ हा हिशोबही आता चालत नाही. 18 सप्टेंबर 2019 ला आयटीसी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतः केलेलं असेसमेंटही आदेशच आहे, आणि तो अपिलात किंवा कायद्यातल्या दुसऱ्या मार्गाने बदलल्याशिवाय रिफंड मिळणार नाही.

तपासणीचा अहवाल किंवा आणखी माहिती यायची असेल तर कलम 18 खाली प्रोव्हिजनल असेसमेंट (तात्पुरती आकारणी) मागा. बाँड आणि सिक्युरिटी द्यावी लागते, पण माल मोकळा होतो. 2025 च्या वित्त कायद्याने अशी असेसमेंट दोन वर्षांत अंतिम करण्याची मर्यादाही घातली, वर जास्तीत जास्त एक वर्ष. केमिकलच्या मालाला हा मार्ग विशेष उपयोगी. आणि वाद लगेच मिटणार नसेल तर कलम 49 खाली माल वेअरहाउसला हलवायची परवानगी मागता येते, म्हणजे कंटेनर रिकामा होऊन निदान शिपिंग लाइनचं मीटर थांबतं.

फरक खरा किती?

भांडण्याआधी आकडा काढा. समजा असेसेबल व्हॅल्यू (ज्यावर ड्युटी लागते ती किंमत) 10 लाख, तुमच्या कोडवर बेसिक ड्युटी 7.5 टक्के आणि अधिकाऱ्याच्या कोडवर 10. बेसिक ड्युटीवर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज धरून 82,500 आणि 1,10,000, म्हणजे 27,500 चा फरक. 18 टक्के आयजीएसटीतला फरक 4,950, पण त्याचं क्रेडिट मिळतं. तेव्हा खिशातून जातात ते 27,500. एका खेपेला हे सोसवतं. वर्षाला दहा खेपा असतील आणि मागची दोन वर्षं उघडली तर साडेपाच लाख आणि त्यावर वर्षाला 15 टक्के व्याज.

कोड बदलल्याने फक्त दर बदलत नाही, हेही पाहा. आसियान किंवा इतर करारातली सवलत घेत असाल तर उगम प्रमाणपत्रावरचा सहा आकडी कोड आणि बिलावरचा कोड जुळेनासा होतो. नव्या कोडवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) गुणवत्ता आदेश असला तर माल ड्युटी भरूनही सुटणार नाही. अशा वेळी 27,500 चा वाद प्रत्यक्षात अख्ख्या कंटेनरचा असतो.

जुनी बिलं आणि नोटीस

मागच्या बिलांत आपलाच कोड चुकलाय असं लक्षात आलं तर ऑडिटची वाट पाहू नका. 2025 मध्ये आलेल्या कलम 18ए ने माल सुटल्यानंतर स्वतःहून एंट्री सुधारायची सोय केली आहे, पण ऑडिट किंवा चौकशी सुरू झाल्याचं कळवलं गेलं की ती मिळत नाही. कलम 149 ची दुरुस्ती आहेच. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये डायमेन्शन डेटा प्रकरणात चुकलेल्या वर्गीकरणासाठीही ती मान्य केली. अट एकच: आधाराचे कागद माल सुटला तेव्हा अस्तित्वात असलेले हवेत. नंतर बनवलेलं ड्रॉइंग चालणार नाही. नोटीस येण्याआधी फरक आणि व्याज भरलं, आणि लबाडीचा मुद्दा नसेल, तर कलम 28(2) खाली दंडाशिवाय प्रकरण मिटतं.

नोटीस आलीच तर आधी पाहा ती कलम 28(1) ची आहे की 28(4) ची. पहिलीची मुदत दोन वर्षं. दुसरी पाच वर्षं मागे जाते, पण त्यासाठी संगनमत, जाणूनबुजून खोटं विधान किंवा दडवणूक लागते. इथे नॉर्दर्न प्लास्टिक प्रकरणाचा 1998 चा निकाल हाताशी ठेवा: मालाचं वर्णन खरं असेल तर विशिष्ट कोडचा किंवा सवलतीचा दावा करणं हे चुकीचं डिक्लरेशन ठरत नाही. वर्णन पूर्ण लिहिलेलं होतं की ‘पंप पार्ट्स’ होतं, याने दोन वर्षं की पाच हे ठरू शकतं.

आदेश विरुद्ध गेला तर कमिशनर अपील्सकडे 60 दिवस, योग्य कारण असेल तर वर 30, त्यानंतर एकही नाही. वादातल्या ड्युटीच्या साडेसात टक्के आधी भरावे लागतात. पुढे ट्रिब्युनल, तीन महिन्यांत. दराचा वाद तिथून थेट सर्वोच्च न्यायालयात जातो.

माल वारंवार येणार असेल तर

वर्षानुवर्षं तीच वस्तू आणणार असाल तर अॅडव्हान्स रूलिंग (आयातीआधीच मिळणारा निर्णय) घ्या. मुंबईत त्यासाठीचं प्राधिकरण आहे, शुल्क 10,000 रुपये, निर्णयाची मुदत तीन महिने. मिळालेला निर्णय तुम्हाला आणि कस्टमला दोघांनाही बांधतो, कायद्यात ठरलेल्या मुदतीपर्यंत किंवा कायदा अथवा वस्तुस्थिती बदलेपर्यंत. दुसऱ्या आयातदाराचा निर्णय तुम्हाला लागू होत नाही, पण तो वाचल्याने प्राधिकरण कोणत्या कागदांवर भर देतं हे नीट कळतं. एक अडचण लक्षात ठेवा: तोच प्रश्न तुमच्याच बाबतीत अधिकाऱ्यापुढे, ट्रिब्युनलपुढे किंवा कोर्टात आधीच प्रलंबित असेल तर अर्ज स्वीकारला जात नाही. म्हणून अर्ज करायचा तो पहिल्या पीओच्या आधी, नमुना आणि ड्रॉइंग हातात आल्या आल्या.